सायत्राबाई, ती बेशरम मी लावली होती

सायत्राबाई,

आधी तेवढंच सांगतो. नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि बस यायची वेळ होईल. तुमच्या गावच्या तळ्यात बेशरम तुमच्यामुळे आली नाही. ती मी आणली. जंगलातलं पाणी ज्या नाल्यातून तळ्यात उतरतं त्या नाल्याच्या दोन्ही काठांना मी ती उभं राहून लावून घेतली, आणि तीही तुम्ही तुमच्या काड्या चिखलात रोवल्या त्याच्या आदल्या पावसाळ्यात. हे मला सहा वर्षं माहीत होतं. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मी आता लिहायला बसलो आहे.

झाडाच्या नावावरून मी स्वतःला काही बोलून घेणार नाही. ते फार सोपं आहे, आणि तुम्हाला आवडलं नसतं.

मी भद्रावतीचा. वडील कारखान्यात मजूर, घर छप्पन सालापासून बौद्ध, आणि घरातला पहिला सरकारी नोकर मी. ओव्हरसियर म्हणून सिंदेवाहीकडच्या जुन्या तळ्यांची दुरुस्ती माझ्याकडे आली तेव्हा मला तळं म्हणजे तीनच गोष्टी कळत होत्या : पाणी अडवायची पाळ, शेताला पाणी सोडायचं तुडुम आणि जास्तीचं पाणी वाहून जायचा सांडवा. पाळीच्या समोरच्या अंगाला, जिथे तळं पसरट होत होत चिखलात संपतं, तिथे मी काठीनं खोली मोजत होतो. तुम्ही गुडघाभर पाण्यात वाकून हातानं मासे चाचपत होता. तुम्ही वर न बघताच विचारलंत,

"काय मोजून राह्यले, सायब?"

"पाणी किती खोल आहे ते."

"मग माह्या पायाले इचारा ना! इथी गुडघा, तिथी मांडी. अन त्या दगडाच्या पुढं गेले त तुमची टोपी तेवढी वर दिसन."

तुमच्यासोबतच्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या सगळ्या बायका हसल्या. मी टोपी काढून खिशात कोंबली. काठीनं मोजलेले आकडे आणि तुमचे पाय यांच्यात नंतर फारसा फरक निघाला नाही, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. हेही राहिलंच.

त्या हिवाळ्यात तुम्ही मला पाखरं दाखवलीत. तोवर मी ती पाहिली नव्हती असं नाही, पण बदक म्हणजे बदक, एवढंच. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले राखी हंस सकाळच्या उन्हात उथळात चरत होते. त्यांच्या पलीकडे लांब टोकदार शेपटीची बदकं शेपूट वर आणि डोकं पाण्याखाली घालून उलटी उभी होती. त्यांना तुम्ही सुईशेपट्या म्हणायचा.

"हे पाव्हणे बरफाच्या देशातून येते म्हणे. माहे सासरे सांगे. एवढ्या दुरून येऊन खोल पाण्यात काऊन उतरतीन? डोस्कं खाली घातलं त तोंडाले माती लागाले पायजे. देवधान, कमळाचे कांदे, चिला, समदं इथीच हाय, गुडघाभर पाण्यात."

चिला म्हणजे पाण्याखालचं गवत आणि देवधान म्हणजे न पेरता उगवणारं भात, हे मला त्या दिवशी कळलं. तरी मी वाद घातला. पाणी जितकं जास्त तितकं सगळ्यांचंच भलं, शेताचंही आणि पाखरांचंही, असं मी म्हणालो. सांडवा दोन फूट उचलला तर उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकेल. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं एखाद्या शिकलेल्या माणसाला रस्ता विचारावा आणि त्यानं ठामपणे उलटीकडे बोट दाखवावं.

"दोन फूट उचललं का गुडघ्याचं पाणी माह्या कमरेवर येते. पाव्हण्यानं मग कुठी जेवाचं?"

हा वाद आपण पुढे कितीदा घातला! पाळीवर, बसथांब्यावर, तुमच्या ओसरीवर. संपवला मात्र नाही.

आता बेशरमीचं. तळ्यात गाळ येतो तो नाल्याचे काठ ढासळल्यामुळे, एवढं मला दिसत होतं. भद्रावतीला आमच्या वसाहतीत सगळ्यांच्या घरांना बेशरमीचं कुंपण. फांदी खोचली की लागते, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही. मला वाटलं, काठ धरून ठेवायला याहून चांगलं काय असणार? कुणी सांगितलं नव्हतं. कल्पना माझी, आणि मला तिचा अभिमानही होता. गाडाभर फांद्या आणल्या. नाल्याची ती जागा जंगलात, तुमच्या गावापासून दीड कोस वर. मजूर दुसऱ्या गावचे. पहिल्या पावसात लावल्या आणि श्रावणात बघायला गेलो तर सगळ्या फुटलेल्या. मी खूश होऊन परत आलो.

पुढच्या वर्षी तुमच्या मालकांना छातीचं दुखणं लागलं. उथळात मासे अडवायचं कुंपण दरवर्षी ते बांबूचं घालायचे. त्या वर्षी ते खाटेवर, बांबू आणायला जंगलात जायला कुणी नाही, म्हणून तुम्ही बसथांब्याजवळच्या दुसऱ्या नाल्यातली बेशरम तोडून तिच्या काड्या रोवल्यात. एकटीनं. काड्या लागल्या. मालक गेले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी सगळं उथळ हिरवंगार, त्यावर जांभळी फुलं, आत पाय ठेवायला जागा नाही. देवधान दबलं. थंडीत हंस आले, तळ्यावर दोन घिरट्या घातल्या आणि खाली न उतरता निघून गेले. तुम्ही पाळीवर उभ्या होता. मी शेजारीच होतो.

"सायब, हे माह्यानं झालं," तुम्ही म्हणालात. "म्या घातल्या काड्या. बाप्पा, घरात एवढं दुखणं होतं, मले सुचलंच नाई."

मी म्हणालो, "होतं असं, बाई."

खरंच सांगतो, त्या क्षणापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. पण बोलता बोलताच माझी नजर नाल्याच्या तोंडाकडे गेली. तुमचं कुंपण पन्नास पावलांचं आणि बेशरम पसरली होती ती नाल्याच्या तोंडापासून. दुसऱ्याच दिवशी मी वर गेलो. काठावरची निम्मी झाडं पुरानं मोडून नेलेली होती. फांदीचे तुकडे दगडादगडांत अडकलेले आणि अडकले तिथे मुळं धरलेले. तिथून खाली तळ्यापर्यंत त्यांची ओळ लागली होती. अंदाज करायचं काही कारणच उरलं नव्हतं.

मग मी काय केलं ते सांगतो. आठ दिवसांनी दोन मजूर घेऊन गेलो आणि नाल्यावरची सगळी बेशरम मुळासकट काढून जाळून टाकली. पुराला अडथळा होतो असं त्यांना सांगितलं. तळ्यात नवे तुकडे यायचे थांबले, हा त्यातला चांगला भाग. मी ते तळ्यासाठी केलं, असं बरीच वर्षं स्वतःला पटवत आलो. तळ्यासाठी केलं असतं तर आधी तुमच्या दारात आलो असतो.

तुम्ही मात्र गावासमोर सांगून टाकलंत. मासेमारांच्या सोसायटीच्या बैठकीत उभ्या राहिलात, म्हणालात की माझ्या हातानं झालं, मीच काढीन, आणि शेवटचं झुडूप निघेपर्यंत या तळ्याचा मासा तोंडाला लावणार नाही. ढिवराच्या बाईनं असं बोलणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मला बैठकीला बोलावलेलं होतं. मी खुर्चीवर बसलो होतो.

ती शपथ घेतल्यानंतरच्या माघात तुम्ही मला जेवायला थांबवलंत. त्या भागात काही घरी मला चहा वेगळ्या कपात मिळायचा, कप मी विसळून ठेवायचा. मी सवय करून घेतली होती. तुमच्या घरी मी अंगणातच बसायला लागलो, तर तुम्ही आतून ओरडलात, "सायब, तिथी कोंबड्या जेवते. आत या." चुलीजवळ पाट मांडलात, तुमच्याच भांड्यातून वाढलंत. मरळ मासा, जवसाच्या चटणीबरोबर. समोर बसून तुम्ही स्वतः भात आणि वरण खात होता.

"तुम्ही नाही घेत?"

"तुमाले माहीत नाई का? माहा उपास हाय. तुम्ही खा. मासा काही माह्यावर रुसला नाई."

त्या दिवशी सांगायला हवं होतं. घरात तुम्ही, तुमची सून सुमन आणि मी. कुणी ऐकणार नव्हतं. मला नोकरीची भीती होती, हे खरं आहे. मंजुरी न घेता लावलेली झाडं, तळं बिघडलं, चौकशी लागली असती. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. ज्या घरानं मला आत बसवलं त्या घराच्या नजरेत मी उतरलो असतो. म्हणून मी दुसरा तुकडा घेतला. चांगला झाला होता, असंही म्हणालो.

मग तुमचे उन्हाळे सुरू झाले. चैतात उथळ आटलं की तुम्ही बारा-पंधरा बायका घेऊन उतरायचा. कुदळीनं मूळ खणायचं, तुकडा मागे सोडायचा नाही, सगळं पाळीवर आणून वाळवून जाळायचं. तिचा चीक हाताला लागून फोड यायचे. त्यांच्यातली ठमाबाई तुम्हाला चिडवायची, "सायत्रे, तुही लेक लय चिवट हाय वं! सासरी जातच नाई." तुम्ही म्हणायचा, "मायवर गेली." आणि पुन्हा कुदळ. रिकाम्या झालेल्या जागी पावसाच्या तोंडावर देवधान आणि चिला लावायचा, कारण नुसतं उपटून भागत नाही, जागा मोकळी राहिली की तीच परत येते. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

तुमच्या तळ्यात रोपांपुरताही चिला उरला नव्हता म्हणून तुम्ही तो दुसऱ्या गावच्या तळ्यातून एसटीनं आणलात, तो दिवस आठवून मला आजही हसू येतं. मी त्याच बसमध्ये होतो. तुमच्या मांडीवर एक टोपली, पायाशी दुसरी, दोन्हीतून पाणी गळतंय, आणि कंडक्टर तापलेला.

"बाई, हे काय कचरा घेऊन चढली?"

"कचरा नाई भाऊ, सैपाक हाय."

"कोणाचा?"

"हिवाळ्यात पाव्हणे येते न आमच्याकडं. तुम्ही पण या, पण डोस्कं पाण्यात घालून जेवा लागन."

अख्खी बस हसली. कंडक्टरही. मी उठून तुमच्या शेजारी आलो आणि एक टोपली माझ्या मांडीवर घेतली. सिंदेवाही येईपर्यंत पँट गुडघ्यापर्यंत भिजली. तुम्ही मला म्हणालात, "सायब, तुम्ही चांगले मानूस हा." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्याच वर्षी मी एक टिपण लिहिलं. वरून विचारणा आली होती, सांडवा उचलण्याचा प्रस्ताव द्या. मी दिला. माझा वाद मला खराच वाटत होता. पण उथळ भाग बुडवायचा तर तो निरुपयोगी आहे असं दाखवावं लागतं. मी लिहिलं की हा भाग बेशरमीनं व्यापलेला असून सदर वनस्पती स्थानिक मासेमारांनी कुंपणासाठी आणून लावली आहे. तुमचा कबुलीजबाब मी कागदावर चढवला, सायत्राबाई, आणि त्याखाली माझी सही केली.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. कागद माझ्या हातात बघून तुम्ही म्हणालात, "वाचून दाखवा न, काय लिवलं." मी वाचून दाखवलं. तेवढं एक वाक्य गाळून. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत,

"आमचं नाव त नाई न कुठी?"

"नाही," मी म्हणालो.

यानंतर गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, बदल्या झाल्या, मला एटापल्लीला पाठवलं. टिपण कुठल्यातरी फायलीत पडून राहिलं आणि मी ते विसरायचा प्रयत्न केला. जंगलात, दूर, ते बऱ्यापैकी जमतं.

गेल्या हिवाळ्यात आलो तेव्हा तुम्ही काठी टेकत मला पाळीवर घेऊन गेलात. तळ्यावर हंस होते. मी मोजले नाहीत, पण पुष्कळ होते. उथळात देवधानाच्या ताटव्यांमधून चालत होते, सुईशेपट्या उलट्या उभ्या होत्या, आणि तुम्ही लग्नघरातल्या बाईसारख्या सगळीकडे बघत होता, कुणाला काही कमी नाही ना म्हणून.

"पाहा. जेवून राह्यले."

"तुम्ही जिंकलात, बाई."

"मी कायची जिंकली? अजून त्या कोपऱ्यात थोडी हाय. येत्या चैतात माह्याच्यानं होत नाई. त्याच्या पुढच्या चैतात निघाली का मग मासा खाईन. ठमीनं कबूल केलं हाय, मरळ तिच्या घरची."

मी म्हणालो, "बाई, एक सांगायचं होतं."

"सांगा."

तुम्ही माझ्याकडे वळलात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी नीट बघत होता. मी म्हणालो, "चंद्रपूरकडे बदली होते का ते बघतोय."

"होईन, होईन," तुम्ही म्हणालात. "तुमचं समदं चांगलं होईन."

मार्गशीर्षात तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. ही बातमी आणि दुसरी एक बातमी मला एकाच आठवड्यात कळली. सांडवा उचलायचं काम मंजूर झालं आहे, उन्हाळ्यात सुरू होणार. मंजुरीला आधार माझं टिपण. दोन फूट. ज्या पाण्यात तुम्ही पाच उन्हाळे फोड आलेल्या हातांनी गवत लावलंत, ते कमरेच्या वर जाणार आणि पुढच्या वर्षी हंस पुन्हा दोन घिरट्या घालून निघून जाणार. त्यांचं जेवण तर जाईलच, पण उथळात हातानं मासे धरणाऱ्या तुमच्या बायकांचं पोटही त्याच पाण्याखाली जाईल.

तुमच्या तेरवीला मी आलो. जेवणं उरकल्यावर बायका अंगणात बसल्या होत्या. मी उभा राहिलो आणि वर जे लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. नाला, फांद्या, जाळलेली झाडं, टिपण, गाळलेलं वाक्य. बोलायला अर्धा ताससुद्धा लागला नाही. एवढ्यासाठी सहा वर्षं!

कुणी ओरडलं नाही. ठमाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. "अन मी तिले म्हणो, तुही लेक, तुही लेक. माय माय! मरता मरता मले म्हणे, ठमे, तेवढा कोपरा राह्यला."

सुमन उभीच होती. तुमची सून तुमच्यासारखी बोलकी नाही. तिनं विचारलं, "हे तिच्यासमोर काऊन नाई सांगतलं?"

"भीती वाटली."

"तिची?"

"हो."

"तिची कोनाले भेव वाटन?" ती म्हणाली. "माफी मले मागू नोका. माहा त तो हक्क नाई. थे तिची होती अन थे गेली." तिनं आपले हात पुढे केले. बोटांच्या मधे चिकाचे जुने डाग होते. "हे पाहून घ्या फक्त."

मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरच्या कार्यालयात अर्ज दिला. टिपणातलं विधान खोटं आहे, बेशरम मी स्वतः, विनापरवानगी, नाल्यावर लावून घेतली होती, उथळ भाग आता मासेमार बायकांनी साफ केला आहे, तिथे हिवाळी पाखरं उतरतात, सांडवा उचलल्यास तो नष्ट होईल, म्हणून माझा प्रस्ताव मी मागे घेतो. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "तुम्हाला कळतंय ना, यावर आधी तुमची चौकशी लागेल? काम थांबेल की नाही, ते मी आत्ता सांगू शकत नाही." मला कळत होतं. पोच घेतली आणि निघालो.

तुमचा राग कसा असतो ते मला माहीत नाही, सायत्राबाई. माझ्यावर तुम्ही कधी रागावलाच नाहीत. या सोळा दिवसांत मला सर्वांत जास्त उणीव त्याची वाटते. तुम्ही मला पाळीवरून हाकलून दिलं असतंत, चारचौघींत टोपी उडवली असतीत, तर मी आज तुमच्यासाठी नीट रडू शकलो असतो. आता रडू येतं तेव्हा ते तुमच्यासाठी आहे की माझ्यासाठी, हे मला धड कळत नाही. एवढं मात्र कळतं की पाण्याकडे बघायला मला तुम्ही शिकवलंत, आणि ते शिकवताना माझ्याकडून काहीच मागितलं नाहीत.

एटापल्लीला परतायच्या आधी गावात उतरून सुमनला अर्जाचं सांगितलं. ती दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"अन नाई थांबलं काम, त?"

"तर उन्हाळ्यात रजा टाकून येतो आणि सांडव्यावर बसतो. बघू, माझ्यावरून कसे दगड रचतात."

ती पाखडत राहिली. बस आल्याचा हॉर्न ऐकू आला, मी पिशवी उचलली. चार पावलं गेल्यावर तिनं मागून आवाज दिला.

"भाऊ, एकटे नोका बसू. आमाले सांगून बसा."